ज्या काळी नोटेलाही गाव होतं : ब्रिटिशकालीन कागदी चलन जमवणाऱ्यांसाठी धागा

कागदखुणा (धागाकर्ता)

आमच्या पणजोबांची कापसाची अडत होती. त्यांच्या एका रोजमेळात मला बारा वर्षांपूर्वी अर्धी नोट सापडली. फाटलेली नव्हे, कात्रीने मधोमध सरळ कापलेली. दहा रुपयांची, हिरवट छापाची, एकाच बाजूला छापलेली. पाठ कोरी. नंबर शाबूत, 'बॉम्बे' हा शब्द स्पष्ट, आणि उजेडाला धरली की कागदाच्या पोटात नागमोडी रेषा.

घरातल्यांना वाटलं, कुणा पोराने कापली असेल. पण त्या काळी पैसे टपालाने पाठवायची ती रीतच होती. नोट मधोमध कापायची, एक अर्धा टपालात टाकायचा, तो पोचल्याचं पत्र आलं की मग दुसरा पाठवायचा. वाटेत एक अर्धा चोरीला गेला तरी चोराला तो वठवता येऊ नये म्हणून. नंबर दोन्हीकडे छापलेला असायचा, म्हणजे पोचल्यावर दोन अर्धे जुळवता येत. मागून कागदाची पट्टी लावून असे सांधलेले दहाचे आणि शंभराचे कागद आजही संग्राहकांकडे दिसतात. आमच्याकडचा अर्धा मात्र एकटाच राहिला. का, ते घरात कुणालाच सांगता आलं नाही. माझा सगळा छंद त्या अर्ध्या नोटेपासून सुरू झाला, म्हणून धाग्याची सुरुवातही तिच्यापासूनच.

आता 'गाव' का म्हणतो ते. १८६१च्या कायद्याने नोटा काढायचा हक्क एकट्या सरकारकडे गेला. त्याआधी बँक ऑफ बेंगॉल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास या तीन इलाखा बँका आपापल्या नोटा काढत. मुंबईच्या बँकेच्या नोटांवर टाउन हॉलचं चित्र असे, म्हणजे आजच्या एशियाटिकच्या पायऱ्यांची इमारत. काहींवर एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे पुतळे असत. सरकारी नोटांची कल्पना मांडणारे जेम्स विल्सन कायदा व्हायच्या आधीच, १८६०मध्ये कलकत्त्यात वारले. कायदा अमलात आला १ मार्च १८६२ रोजी.

पहिल्या सरकारी नोटांवर व्हिक्टोरिया राणीचं चित्र होतं : १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपये. त्यांच्या नकला इतक्या होऊ लागल्या की १८६७पासून चित्र काढून टाकून, खाली रंगीत नक्षीचा छाप असलेल्या नोटा आणल्या. संग्राहक त्यांना 'अंडरप्रिंट' म्हणतात. आधी हिरव्या, चार भाषांच्या. पुढे लाल, आठ भाषांच्या. जवळजवळ १९२३पर्यंत हेच रूप चाललं.

या नोटा देशभर सारख्या चालत नसत. देशाचे विभाग पाडले होते, त्यांना 'सर्कल' म्हणत. कलकत्ता, मुंबई, मद्रास, रंगून, कानपूर, लाहोर, कराची ही पुढच्या काळातली सात मोठी. त्याआधी नागपूर, कालिकत अशी उपसर्कलंही होती. मुंबई सर्कलची नोट कायद्याने मुंबई सर्कलमध्येच वठायची. ती घेऊन तुम्ही कलकत्त्याला गेलात तर तिथल्या सरकारी कचेरीवर ती वठवून द्यायचं कायद्याने बंधन नव्हतं. सराफ घ्यायचा, पण बट्टा कापून. माणसाला जसं 'कुठलं गाव?' विचारतात तसं नोटेलाही विचारलं जायचं.

हे बंधन एका झटक्यात गेलं नाही. १९०३मध्ये पाचाची नोट मोकळी झाली, तीही ब्रह्मदेश सोडून. तिथे ती १९०९ला चालू लागली. १९१०ला दहाची आणि पन्नासाची, १९११ला शंभराची. मी मुंबई सर्कलच्या, म्हणजे त्या आधीच्या, गाव असलेल्या नोटा शोधतो. बारा वर्षांत चार मिळाल्या. त्यातली एक ती अर्धी.

तुमच्याकडे जे असेल ते इथे लिहा. सर्कल, तारीख, सही, पाठीवर काय आहे. खरेदी-विक्री मात्र या धाग्यावर नको, ही विनंती.

जुनं_कपाट

फार सुंदर धागा. मी यात अगदी नवीन आहे. आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत गोधडीखाली राजाचं चित्र असलेल्या चार नोटा मिळाल्या. एक रुपयाची एक, दोनाची एक आणि पाचाच्या दोन. भाऊ म्हणतो की मोबाइलवर आलेल्या जाहिरातीत अशा नोटेला लाखो रुपये देतात, फक्त आधी 'नोंदणी फी' भरायची. खरं आहे का? आणि नोटा मळलेल्या आहेत, त्या कशाने पुसू?

कागदखुणा

ताई/दादा, दोन्ही गोष्टींना आधी 'थांबा' म्हणतो.

फी भरू नका. जुन्या नोटांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनेच ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं होतं. रिझर्व्ह बँक असल्या खरेदी-विक्रीत कधीच नसते. जो विकत घेणार आहे तो तुमच्याकडून आधी पैसे कशाला मागेल?

आणि पुसू नका. कशानेही नाही, कोरड्या फडक्यानेसुद्धा नाही.

आता नोटा ओळखू या. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते, म्हणून तिच्यावर गव्हर्नरची नव्हे तर अर्थखात्याच्या अधिकाऱ्याची सही. सहावा जॉर्ज आणि सी. ई. जोन्स ही सही असेल तर ती १९४०ची. दुसऱ्या महायुद्धात नाण्यांची चणचण झाली तेव्हा ऑगस्ट १९४०मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा आणली गेली. ती भरपूर छापली गेली, त्यामुळे वापरलेल्या स्थितीत आजही काही शे रुपयांत मिळते.

पाचाच्या नोटा नीट बघा. राजाचा चेहरा एका बाजूने आहे की समोरून? रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ला, पण तिची स्वतःची पहिली नोट आली जानेवारी १९३८मध्ये, आणि ती पाचाचीच. आठव्या एडवर्डच्या चित्राच्या नोटांची तयारी झाली होती. त्याने ११ डिसेंबर १९३६ला गादी सोडली आणि सगळं लांबलं. पहिले गव्हर्नर ऑसबोर्न स्मिथ एकाही नोटेवर सही न करता गेले. म्हणून बाजूने चेहरा असलेल्या नोटेवर सही असते दुसऱ्या गव्हर्नरांची, जे. बी. टेलर यांची, नाहीतर त्यांच्यानंतरच्या सी. डी. देशमुखांची. समोरून चेहरा असेल तर सही देशमुखांचीच.

दोनाच्या नोटेवर कोणाची सही आहे ते मुद्दाम कळवा. टेलर १७ फेब्रुवारी १९४३ला वारले, आणि दोनाची नोट चलनात आली ३ मार्च १९४३ला, त्यांच्या सहीची. म्हणजे लोकांच्या हातात ती पडली तेव्हा वचन देणारा माणूस हयात नव्हता. मी ती नोट हातात घेतो तेव्हा दर वेळी हे आठवतं.

देशमुख आपल्या महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ऑगस्ट १९४३ ते जून १९४९. इंग्लंडच्या राजाच्या चित्राशेजारी कुलाबा जिल्ह्यातल्या माणसाची सही असलेली ती नोट किमतीने मोठी नसेल, पण माझ्या अल्बममध्ये तिला पहिलं पान आहे.

नाशिककर

धाग्यात थोडी भर घालतो. माझ्या घरात दोन पिढ्या छापखान्यात होत्या, त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवताना निघायचा.

आधी नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने यायच्या. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना १९२८ला उभा राहिला आणि १९३२पर्यंत सगळ्याच नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या. राजाचं चित्र असलेल्या मोठ्या नोटांची मालिका मे १९२३मध्ये दहाच्या नोटेने सुरू झाली होती, म्हणजे पाचव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या नोटा विलायती छपाईच्या आणि नंतरच्या नाशिकच्या. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून बघा, एक संध्याकाळ कशी जाते कळणार नाही.

युद्धात जपान्यांनी भारतीय नोटांच्या उत्तम नकला उतरवल्या. त्यावर उपाय म्हणून जलचिन्हातला राजाचा चेहरा बाजूचा होता तो समोरचा केला, आणि भारतीय नोटेत पहिल्यांदाच सुरक्षा धागा घातला. आज आपण नोट उजेडाला धरून जी चमकती रेघ शोधतो, तिचं मूळ तिथे आहे.

आणखी एक. फाळणीनंतर पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. तेव्हा आपल्याच नोटांवर इंग्रजीत आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असे शब्द छापून त्या तिकडे दिल्या गेल्या. १ एप्रिल १९४८पासून त्या तिथे चालू झाल्या. १, २, ५, १० आणि १०० रुपये. त्याही नाशिकच्याच. आमचे आजोबा त्याबद्दल फार बोलायचे नाहीत.

ब्रह्मदेशचंही तसंच. १९३७ला तो वेगळा झाला तेव्हा भारताच्या नोटांवर 'फक्त ब्रह्मदेशात चलनी' असा छाप मारला गेला, आणि युद्धानंतर तिथल्या लष्करी प्रशासनाचा. हे छापाचे प्रकार गोळा करणारे वेगळेच लोक आहेत, आणि त्यात बनावट छाप फार. साध्या नोटेवर आज कुणीही शब्द छापू शकतो. शाई कागदात मुरलेली आहे की वर बसलेली, ते आधी पाहा.

सांजवारा

वाचनखूण साठवली. देशमुखांच्या सहीबद्दल माहीतच नव्हतं. पुढील लेखनास शुभेच्छा.

मोडीवाचक

कागदखुणा, तुम्ही 'पाठ कोरी' म्हणालात त्यावर लिहायचं होतं. एकाच बाजूला छापलेल्या नोटांची पाठ बहुतेक वेळा कोरी राहिलेलीच नसते. हातातून हातात जाताना सराफ, पेढीवाले, मुनीम मागे आपलं नाव घालायचे, शिक्का मारायचे, कधी तारीख आणि रक्कम लिहायचे. हुंडीची सवय असलेल्या लोकांनी नोटेलाही हुंडीसारखंच वागवलं.

माझ्याकडे शंभराच्या एका नोटेची पाठ आहे. (मुद्दाम 'पाठ' म्हणतो, कारण पुढची बाजू मी क्वचितच बघतो.) तिच्यावर तीन हात आहेत. एक गुजराती, एक मोडी, आणि एक इंग्रजी रबरी शिक्का अर्धवट उमटलेला. मोडीतलं नाव वाचायला मला दोन महिने लागले, कारण लिहिणाऱ्याने टाक न उचलता सगळं एका दमात ओढलं आहे. नाव इथे देत नाही, त्यांचे वंशज असतील. पण एवढं सांगतो की तो माणूस व्यापारी नव्हता. नावामागे त्याने हुद्दा लिहिला आहे : शाळाखात्यातला.

शाळाखात्यातल्या माणसाकडे त्या काळी शंभराची नोट. कुणाची फी, कुणाचा पगार, की इमारतीचा पैसा? त्या एका शब्दाने माझी वीस वर्षं जुनी समजूत मोडली, की मोठ्या नोटा फक्त पेढ्यांमध्येच फिरत.

पांढरी_कड

मोडीवाचक, तुमच्या वाचनाबद्दल आदर आहे, पण नवीन लोक हे वाचून वाटेल त्या लिहिलेल्या नोटा घेतील म्हणून दुसरी बाजू मांडतो.

बाजारात पाठीवरची शाई हा दोष आहे. पीएमजीसारख्या संस्थेकडे नोट पाठवली की ती सत्तरच्या मापावर दर्जा देते आणि शेऱ्यात 'लिखाण', 'स्टेपलची भोकं', 'गंज' असं लिहून येतं. तीच नोट, तीच सही, तेच सर्कल. एक कोरी आणि एक लिहिलेली असेल तर किमतीत दुपटीहून जास्त फरक मी स्वतः पाहिला आहे. कागदाचा मूळ पोत जपलेला असेल तर दर्जापुढे 'ईपीक्यू' लागतं, आणि लिलावात हात वर होतात ते त्या तीन अक्षरांना.

मी पंचवीस वर्षं जमवतोय. उद्या माझ्यामागे घरच्यांना हा संग्रह विकावा लागला तर त्यांना मोडी येणार नाही. दर्जा लावलेल्या नोटेच्या प्लास्टिकच्या कवचावरचा आकडा मात्र त्यांना वाचता येईल. मी तेवढ्यासाठी कोऱ्या नोटा घेतो आणि दर्जा लावून घेतो. यात प्रेम कमी आहे असं कुणी समजू नये.

कागदखुणा

पांढरी_कड, तुमचा घरच्यांचा मुद्दा मला पटतो, अगदी मनापासून. माझ्या वडिलांना माझ्या संग्रहातलं काय मोलाचं आणि काय नाही हे सांगता आलं नसतं, आणि मीही ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तुमची पोस्ट वाचून काल रात्री यादी करायला बसलो.

पण एक फरक करू या. स्टेपलची भोकं, गंज, पाण्याचा डाग हे नोटेचं नुकसान आहे. आपल्याकडे गड्ड्या टाचून ठेवायची पद्धत होती, त्यामुळे भोकं नसलेली नोट मिळणं कठीण, आणि ती महाग असावी हेही बरोबर. पाठीवरचं नाव हे नुकसान नाही. ती नोट कुठून कुठे गेली याचा तो एकमेव पुरावा आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. कोऱ्या नोटेवरून मला छापखाना कळतो. लिहिलेल्या नोटेवरून माणसं कळतात.

दर्जाच्या आशेने लोक पाठीवरची शाई रसायनाने उडवतात, हे मी दोनदा पाहिलं. एकदा तर उजेडात तिरपी धरल्यावर मोडीच्या ओळीचा फक्त दाब दिसत होता, अक्षर गेलं होतं. त्या नोटेला भाव चांगला मिळाला असेल. मला तिथे उभं राहवलं नाही.

दप्तरखाना

मी कागद जतनाच्या कामात आहे, नोटांच्या नव्हे, जुन्या कागदपत्रांच्या. 'पुसू का' या प्रश्नाचं थोडं सविस्तर उत्तर देतो, कारण या एका प्रश्नावर बरीच नोट वाचते किंवा मरते.

जुन्या नोटेचा कागद चिंध्यांपासून केलेला असतो, सुती आणि लिननच्या. म्हणून तो शंभर वर्षांनंतरही वर्तमानपत्रासारखा तुकडे होऊन पडत नाही. त्याला कडकपणा येतो तो खळीमुळे. नोट पाण्यात धुतली की मळाबरोबर खळही जाते, आणि वाळल्यावर हातात उरतो तो मऊ, फडक्यासारखा कागद. मग लोक तो कडक दिसावा म्हणून इस्त्री करतात. इस्त्रीने घडी दबते, पण छापाचा उठाव सपाट होतो आणि पृष्ठभागाला एक खोटी चमक येते. जाणकाराला ती हातभर अंतरावरून कळते.

हे मी केलेलं आहे. या कामात येण्याआधी, कॉलेजात असताना, मामाने दिलेली १९१७ची एक रुपयाची नोट साबणाच्या पाण्यात बुडवली. तिच्या डाव्या कडेला दातेरी भोकांची रांग होती, कारण त्या नोटा पंचवीसच्या पुस्तकात बांधून येत आणि चेकसारख्या फाडून द्यायच्या असत. ती कडच पाण्यात सुटून आली. मामा काही बोलला नाही. ती नोट माझ्या टेबलासमोर लावली आहे, कामाला बसताना दिसावी म्हणून.

बाकी थोडक्यात : सेलोटेप नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नकोच. वास येणारे मऊ पीव्हीसीचे अल्बम नकोत. पॉलिएस्टरचे पारदर्शक खिसे घ्या. कोकणात किंवा मुंबईत असाल तर लोखंडी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी नोटा बाहेर काढून बघा. कसर खळीच्या वासाने येते. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर कापडात बांधून, नोटेला न लागता.

तळकोकण

आमच्याकडे पलीकडच्या राज्याच्या नोटा जास्त. गोव्यातल्या पोर्तुगीज बँकेच्या, बांको नासिओनाल उल्त्रामारीनो, 'रुपिया'च्या. एक रुपिया म्हणजे सोळा तांगा. १९४५च्या नोटांवर अफोंसो द अल्बुकेर्क आहे, दाढीवाला. माझी पणजी त्या नोटा घेऊन सावंतवाडीच्या बाजाराला यायची असं ऐकलंय. त्या इथे चालतील का?

कागदखुणा

जरूर चालतील. ब्रिटिश सर्कलचा विषय असला तरी सीमेवरच्या बाजारात दोन राजांचे कागद एकाच कनवटीला असायचे, ते सोडून हा विषय पुरा होत नाही. फोटो टाका.

बोटीवरचा

१९१७च्या एक रुपयाचा उल्लेख आला म्हणून. ती नोट काढायची वेळ आली ती चांदीमुळे. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव असा चढला की रुपयाचं नाणं वितळवून विकणं फायद्याचं झालं. नाणी बाजारातून गायब होऊ लागली. ३० नोव्हेंबर १९१७ला एक रुपयाची नोट आली, पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची. १९१८मध्ये अमेरिकेने खास कायदा करून भारताला वीस कोटी औंस चांदी दिली, तेव्हा सरकारचा जीव भांड्यात पडला. या छोट्या नोटा १ जानेवारी १९२६पासून बंद झाल्या. अडीच रुपयांची नोट आज दुर्मिळ आहे. मी आयुष्यात दोनदा हातात घेतली.

त्याच काळातली एक गोष्ट. 'शिराला' नावाची बोट लंडनहून मुंबईला निघाली होती. २ जुलै १९१८ला जर्मन पाणबुडीने ती बुडवली. तिच्यात भारताच्या नोटा होत्या. त्यातल्या बऱ्याच इंग्लंडच्या किनाऱ्याला लागल्या : पाचाच्या आणि दहाच्या नोटा बिनसहीच्या, एक रुपयाच्या सहीसकट. मोठ्या नोटांवर सही इथे आल्यावर व्हायची होती. २०२४च्या मे महिन्यात लंडनच्या लिलावात त्यातल्याच दहाच्या दोन नोटा निघाल्या, तारीख २५ मे १९१८, आणि नंबर लागोपाठचे. एवढी वर्षं, समुद्र, आणि तरी नंबर लागोपाठचे.

पांढरी_कड

बोटीवरचा, सुंदर. हैदराबादच्या निजामाच्या नोटाही अशाच बुडाल्या होत्या, 'इजिप्त' या बोटीबरोबर, मे १९२२मध्ये. पुढे बुडी मारणाऱ्या इटालियन माणसांनी सोनं काढताना त्या नोटाही वर काढल्या. डाग पडलेल्या, सही नसलेल्या. त्या डागाला मात्र बाजारात भाव आहे, हे मला मान्य करावं लागेल. :)

मोडीवाचक

हेच म्हणत होतो!

वहीचे_पान

घरात जुन्या नोटा ठेवणं कायद्याने चालतं का? २०१६नंतर भीती वाटते.

कागदखुणा

२०१६च्या रद्द नोटांचा कायदा वेगळा आहे : त्या पाचशे-हजाराच्या दहापर्यंत ठेवता येतात, अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत. ब्रिटिशकालीन नोटांना ती मर्यादा नाही.

परदेशी विकणं मात्र वेगळी गोष्ट. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येऊ शकतात आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा.

नोटा रद्द होणं तसं नवीन नाहीच. जानेवारी १९४६मध्ये पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. त्या मुदतीत बहुतेक सगळ्या परत गेल्या, म्हणून राजाच्या चित्राची हजाराची नोट आज इतकी विरळा आहे. ज्याने त्या वेळी घाबरून किंवा विसरून ती परत केली नाही, त्याचं नुकसान झालं आणि आपल्याला ती बघायला मिळते. अशी नोट बघताना मला तो माणूसही आठवतो.

आणि नकलांबद्दल, कारण व्यक्तिगत निरोपात तिघांनी विचारलं. मी स्वतः एका प्रदर्शनात बँक ऑफ बॉम्बेची म्हणून एक नोट घेतली होती. दोन महिन्यांचे पैसे साठवून. टाउन हॉलचं चित्र, जुनाट पिवळा रंग, घड्या, सगळं होतं. घरी येऊन अतिनील दिव्याखाली धरली आणि कागद निळा-पांढरा झळकला. जुना चिंध्यांचा कागद तसा झळकत नाही. आताच्या कागदात उजळपणासाठी घातलेलं द्रव्य झळकतं. पिवळेपणा बहुधा चहाचा होता. विकणाऱ्याला शोधत गेलो, तो पुढच्या प्रदर्शनात नव्हता. तेव्हापासून छोटा दिवा खिशात असतो. जलचिन्ह कागदाच्या आत हवं, वर फिकट शाईने छापलेलं नको. दोन्हीकडचा नंबर एकच हवा. आणि तारीख, सही, सर्कल एकमेकांशी जुळायला हवेत. त्या तारखेला तो अधिकारी त्या पदावर होता का, हा एक प्रश्न विचारला तरी बऱ्याच नकला गळतात.

जुनं_कपाट

सगळ्यांचे आभार. रविवारी आईला घेऊन बसले आणि नोटा उजेडात धरल्या.

एक रुपया : सी. ई. जोन्स, १९४०. पाचाच्या दोन्ही : चेहरा समोरून, सही सी. डी. देशमुख. दोनाची : जे. बी. टेलर. कागदखुणा, तुम्ही जी म्हणालात तीच.

त्या दोनाच्या नोटेच्या कडेला पेन्सिलने बारीक अक्षरात काहीतरी आहे. आम्हाला आधी मळ वाटला होता. आई म्हणाली, हे आजीचं अक्षर. 'धोंडू फी' एवढंच. धोंडू म्हणजे माझा मोठा मामा. तो शाळेत जाऊ लागला त्या वर्षीची ती फी असावी, आणि ती भरायची राहिली की माफ झाली हे सांगणारं आता कुणी नाही. मामा लहानपणीच तापाने गेला.

पुसली नाही. पॉलिएस्टरचा खिसा मागवला आहे. तो येईपर्यंत आईने ती पुन्हा त्याच गोधडीखाली ठेवली आहे.

मोडीवाचक

ताई, ती नोट कुणी कितीही मागितली तरी त्या पेन्सिलला हात लावू देऊ नका.

पांढरी_कड

माझंही तेच म्हणणं.